चित्रकर्ती आणि तिचा मुलूख : प्रस्तावना

इ.स. १९०५ च्या नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडच्या वायव्येकडील निअर सॉरी नावाच्या खेड्यात हिल टॉप या शेतवाडीचे खरेदीखत पुरे झाले. आणि सुमारे ३४ एकर जमीन, सतराव्या शतकातील एक दगडी घर, गोठे, कोठारे व बाग एवढी मिळकत, लंडनच्या केन्सिंग्टन भागात आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या, ३९ वर्षांच्या, अविवाहित आणि मुलांच्या चिमुकल्या पुस्तकांमुळे नुकत्याच नावारूपास आलेल्या एका स्त्रीच्या नावे झाली. बीट्रिक्स पॉटर यांच्या चरित्रात हा दस्तऐवज सामान्यतः एका परिच्छेदात आटोपला जातो, कारण चरित्रकाराला आणि वाचकाला, दोघांनाही निळे जाकीट घातलेल्या सशाकडे परतण्याची घाई असते. मला मात्र त्यांचे वाङ्मय आणि त्यांची चित्रकला समजून घेण्यासाठी या खरेदीखताइतका उपयुक्त कागद दुसरा दिसत नाही, आणि पुढील पृष्ठांतील सर्व विवेचन याच कागदाभोवती फिरावे अशी माझी इच्छा आहे.

रम्य स्थळी जावे, तेथील शोभेने चित्त प्रफुल्लित करून घ्यावे आणि शहरात परतून त्या स्मृतीवर ग्रंथ रचावेत, ही लेखकांची जुनी रीत आहे. आणि कंबरलँड, वेस्टमोरलँड व लँकेशायर या जुन्या परगण्यांच्या सांध्यावर पसरलेला, डोंगर, दऱ्या व सरोवरे यांनी भरलेला हा लेक डिस्ट्रिक्ट नावाचा मुलूख तर कवी वर्ड्‌स्वर्थच्या काळापासून अशा भक्तांनी गजबजलेला होता. पॉटरबाईही प्रथम तशाच पाहुण्या म्हणून तेथे आल्या. परंतु या मुलखाने त्यांच्याकडून काम मागितले, आणि त्यांनी ते आयुष्याच्या अखेरीपर्यंत मोबदल्याचा हिशेब न करता दिले. त्यांच्या चित्रांना जो विश्वासार्हपणा आहे, ज्यामुळे टोपी घातलेले बदक पाहूनही मुलाला ते खोटे वाटत नाही, तो या देण्याघेण्यातून आला आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

त्यांचा जन्म २८ जुलै १८६६ चा. वडील रूपर्ट पॉटर बॅरिस्टर होते, पण वकिलीवर पोट भरण्याची त्यांना गरज नव्हती. आजोबांचा कापडछपाईचा प्रचंड कारखाना होता, आणि आईकडचे लीच घराणेही कापसाच्या व्यापारातच गबर झालेले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापूस मिळेनासा झाला तेव्हा ज्या लँकेशायरने वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाकडे आशेने पाहिले, त्याच उद्योगविश्वातले हे कुटुंब. या संपत्तीने मुलीला आराम दिला, तसा एकांतही दिला. शाळेत तिला धाडलेच नाही. शिक्षिका घरी येत, धाकटा भाऊ बर्ट्रम वसतिगृहात गेल्यावर सोबतीला ससे, उंदीर, पाली, बेडूक, वटवाघळे आणि एक साळू (हेजहॉग) एवढीच मंडळी उरली. बहीणभाऊ मेलेली जनावरे उकळून त्यांचे सांगाडे सुटे करीत आणि एकेका हाडाची चित्रे काढीत, ही गोष्ट कोमल मनाच्या वाचकाला खटकेल; पण निळ्या जाकिटातला तो पीटर ससा मागच्या पायांवर उभा राहतो तेव्हा त्याचा कणा, त्याचे खांदे आणि त्याचे गुडघे सशाचेच राहतात, यामागे तो अभ्यास आहे. जाकीट हरवले की तो तत्क्षणी पूर्ण ससा होतो. वस्त्र माणसाचे आणि देह प्राण्याचा, या दोहोंमधली सीमारेषा या चित्रकर्तीने कधीही पुसट होऊ दिली नाही.

दर उन्हाळ्यात पॉटर कुटुंब नोकरचाकर व पाळीव प्राण्यांसह बाहेरगावी बिऱ्हाड नेई. १८७१ पासून सुमारे दहा वर्षे स्कॉटलंडमधील पर्थशायरातले डालगाइज हे ठिकाण ठरलेले होते. ते घर पुढे मिळेनासे झाल्यावर १८८२ साली विंडरमिअर सरोवराच्या काठचा रे कॅसल हा वाडा भाड्याने घेतला गेला, आणि सोळाव्या वर्षी बीट्रिक्सने हा मुलूख प्रथम पाहिला. तेथील धर्मोपदेशक हार्डविक रॉन्स्ली हे त्या परिसराचे कडवे रक्षक होते. पुढे १८९५ साली ऑक्टेव्हिया हिल व रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नॅशनल ट्रस्ट ही संस्था स्थापन केली. देखणा डोंगर पाहून आनंदणे आणि त्या डोंगराच्या मालकीची, वाटांची व भवितव्याची चौकशी करणे या दोन वृत्ती एकाच माणसात नांदू शकतात, हे त्या मुलीने प्रथम या गृहस्थात पाहिले असावे.

तिशीच्या आसपासची काही वर्षे पॉटरबाईंनी भूछत्रांच्या अभ्यासात घालवली. पर्थशायरातला चार्ल्स मॅकिंटॉश हा टपालवाला मैलोन्‌मैल पायी टपाल वाटताना रानातल्या वनस्पती निरखीत असे. त्याने त्यांना नमुने पाठवले, चित्रांत कोणता भाग उलगडून दाखवावा हे सांगितले, आणि त्यांनी शेकडो भूछत्रे अशी रंगवली की आजही ॲम्बलसाइडच्या आर्मिट संग्रहालयातील ती चित्रे जाणकारांना उपयोगी पडतात. बीजाणूंच्या अंकुरणावरचा त्यांचा निबंध १ एप्रिल १८९७ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडला गेला, परंतु तेथे स्त्रियांना प्रवेशच नसल्यामुळे लेखिका स्वतः हजर राहू शकली नाही. हे दार बंद झाल्याने बालवाङ्मयाचा लाभ झाला, असे समाधान काहीजण मानतात. मला ते पटत नाही. अन्याय तो अन्यायच. मात्र त्या वर्षांत हाताला आणि डोळ्याला जडलेली शिस्त वाया गेली नाही, एवढे नमूद करणे प्राप्त आहे.

४ सप्टेंबर १८९३ रोजी स्कॉटलंडमधील डंकेल्ड येथून त्यांनी आपल्या पूर्वीच्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला, पाच वर्षांच्या नोएल मूरला, चित्रांसह एक पत्र लिहिले; त्यात पीटर सशाची गोष्ट होती. मुलाने पत्र जपून ठेवले, म्हणून काही वर्षांनी ते मागून घेऊन त्याचे पुस्तक करता आले. अनेक प्रकाशकांनी ते नाकारल्यावर डिसेंबर १९०१ मध्ये त्यांनी स्वखर्चाने २५० प्रती छापल्या, आणि ऑक्टोबर १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न कंपनीने रंगीत चित्रांची आवृत्ती काढली. पुस्तक मुलाच्या मुठीत मावेल एवढे असावे आणि गरिबाच्या मुलालाही परवडावे, हा आग्रह लेखिकेचा. किंमत एक शिलिंग ठरली. पुढचा यशाचा इतिहास सर्वश्रुत आहे, त्यात मी वाचकाला गुंतवत नाही.

विषयाचा गाभा यानंतर येतो. १९०३ च्या ‘स्क्विरल नटकिन’मध्ये खारी डहाळ्यांच्या तराफ्यांवर बसून, शेपट्यांची शिडे करून ज्या जलाशयातून बेटाकडे जातात, तो डरवेंटवॉटर आहे, आणि घुबडाचे बेट म्हणजे तेथील सेंट हर्बर्टचे बेट. १९०४ च्या ‘बेंजामिन बनी’तील वाफे व भिंती फॉ पार्क या घराच्या परसबागेतून, आदल्या उन्हाळ्यातल्या वहीतून, जशाच्या तशा उतरल्या आहेत. ‘जेरेमी फिशर’ची कथा तर अधिकच बोलकी. ती मुळात १८९३ मध्येच, नोएलच्या भावाला लिहिलेल्या पत्रात, स्कॉटलंडच्या टे नदीकाठी जन्मली. परंतु १९०६ साली तिचे पुस्तक झाले तेव्हा बेडूकराव निअर सॉरीजवळच्या एस्थवेट वॉटरच्या काठी, पाणलिलींमध्ये, मुक्काम हलवून आले होते. लेखिकेचे घर बदलले, तेव्हा तिच्या पात्रांनीही आपले गाव बदलले.

या बदलाआड एक शोक आहे. जुलै १९०५ मध्ये प्रकाशनसंस्थेतील नॉर्मन वॉर्न यांच्याशी पॉटरबाईंचा वाङ्‌निश्चय झाला. व्यापारी घराण्यातला जावई ही आईवडिलांना अप्रतिष्ठा वाटली, आणि कापसावर श्रीमंत झालेल्यांनी व्यापाराला नाक मुरडावे हे विचित्रच; परंतु तो विरोध निकाली निघण्यापूर्वीच, २५ ऑगस्ट रोजी, नॉर्मन अल्पशा आजाराने वारले. आपण प्रारंभी पाहिलेले खरेदीखत त्यानंतर तीन महिन्यांनी झाले. मुलगी स्वतंत्र राहावयास मोकळी नव्हतीच. लंडनच्या घरची कर्तव्ये सांभाळून, सवड मिळेल तेव्हा आगगाडीने यावे आणि परत जावे, असे तिचे पुढची आठ वर्षे चालले. जॉन कॅनन हे पूर्वीचे कूळ तिने काढून टाकले नाही. त्याला कारभारी म्हणून ठेवले, त्याच्या कुटुंबासाठी घराला नवा भाग जोडला, आणि जुना भाग स्वतःकडे ठेवून तो जुन्या पद्धतीच्या लाकडी सामानाने सजवला. डुकरे, गायी, कोंबड्या, बदके आणि मेंढ्या यांचे व्यवहार ती त्याच्याकडून शिकू लागली.

आणि मग १९०६ ते १९१३ या काळातली ती पुस्तके आली, ज्यांना मी तिच्या प्रतिभेचे शिखर मानतो. ‘टॉम किटन’मध्ये मांजरीची पिल्ले ज्या पायवाटेवरून जातात ती हिल टॉपच्या फाटकापासून दारापर्यंत जाणारी पायवाट, ‘सॅम्युअल व्हिस्कर्स’मध्ये जो जिना, जे फडताळ, जे धुराडे, ते सर्व त्याच घरातले. घर ताब्यात आले तेव्हा त्यात उंदीर-घुशींचा सुळसुळाट होता, आणि जाड भिंतींच्या आत त्यांनी आपले स्वतंत्र राज्य वसवले होते. तेव्हा आपण राहतो त्या घराच्या पोटात आणखी एक घर आहे, तेथे आपल्या नकळत संसार चालला आहे, ही बालमनाला भिववणारी आणि मोहवणारी कल्पना तिला कोठूनही आणावी लागली नाही. पिल्लाला कणकेत गुंडाळून शिजवू पाहणारी घुशींची जोडी वाचताना मुले श्वास रोखून धरतात, याचे कारण धोका खरा आहे आणि धोक्याची जागाही खरी आहे.

‘जेमायमा पडल-डक’ (१९०८) या पुस्तकाचा तर प्रत्येक तपशील शेतवाडीतून उचललेला आहे. बदकी अंडी उबवण्यात हयगय करते म्हणून तिची अंडी कोंबडीखाली ठेवण्याची रीत, कोंबड्यांना दाणे टाकणारी कॅननची बायको व तिची मुले, गावातले टॉवर बँक आर्म्स हे मद्यगृह, केप नावाचा खराखुरा कोली कुत्रा. भोळी जेमायमा कोल्ह्याच्या आर्जवी बोलण्याला भुलून त्याच्या झोपडीत अंडी घालते. केप दोन शिकारी जातीच्या पिल्लांना घेऊन तिला सोडवतो. आणि पुढच्याच क्षणी ती पिल्ले तिची सगळी अंडी फस्त करतात. शहरी लेखकाने येथे सुटकेचा आनंद रंगवून कथा संपवली असती. शेतवाडीत राहणाऱ्याला ठाऊक असते की रक्षण करणारा कुत्राही कुत्राच असतो. या ठिकाणी लेखिका कठोर झाली आहे असे मला वाटत नाही; तिने मुलांना मोठ्यांइतकेच सत्य सांगण्याचा मान दिला आहे. पीटरच्या बापाचे मांसाच्या कणीकवड्यात काय झाले, हेही तिने पहिल्याच पुस्तकात पहिल्याच पानांवर सांगून टाकले होते.

परंतु प्रदेश चित्राच्या किती खोलवर जाऊ शकतो हे पाहावयाचे असेल तर ‘मिसेस टिगी-विंकल’ (१९०५) उघडावे. कॅट बेल्स या डोंगराच्या कुशीतल्या दारामागे एक साळू कपडे धुण्याचा व इस्त्री करण्याचा धंदा करते. तिची मूळ प्रतिमा डालगाइजच्या एका वृद्ध धोबिणीवरून आणि लेखिकेने पाळलेल्या साळूवरून घेतलेली. कथेतली छोटी लूसी न्यूलँड्स खोऱ्यातली. साळूच्या इस्त्रीच्या ढिगात पाखरांच्या बंड्या, कोंबडीचे मोजे असे कपडे आहेत, आणि त्यांतच कोकरांचे लोकरी डगले आहेत, ज्यांवर गेट्सगार्थची, लिटलटाउनची खूण आहे. परक्या वाचकाला ही एक गमतीची जोड वाटेल. त्या डोंगरांतल्या मुलाला मात्र ती रोजची गोष्ट: तेथे सामायिक चराऊ डोंगरावर अनेक शेतवाड्यांच्या मेंढ्या एकत्र चरतात, म्हणून प्रत्येक वाडीची रंगाची खूण लोकरीवर आणि कापाची खूण कानावर असते, त्या खुणांची छापील पुस्तके मेंढपाळांच्या घरी असतात, आणि चुकलेले जनावर त्यांवरून ज्याचे त्याला पोचते. परगण्याची ही सगळी मालमत्तेची पद्धत पॉटरबाईंनी एका धोबिणीच्या तोंडच्या दोन वाक्यांत बसवली; कोठेही समजावून सांगितली नाही. लहान मुलांसाठी लिहिणाऱ्याला मोह होतो तो समजावण्याचा. स्थळाची खरी जाण ज्याला असते तोच तो मोह आवरू शकतो.

गावकऱ्यांनाही आपले घर, आपले दुकान, आपले मांजर पुस्तकात आले की नाही याची उत्सुकता असे. ‘जिंजर अँड पिकल्स’ (१९०९) हे सॉरीतल्या दुकानावरचे पुस्तक. उधारीवर माल देऊन दिवाळे काढणाऱ्या दुकानदारांची ती कहाणी गावाने आनंदाने ओळखली, आणि कोणाचे घर चित्रात आले यावरून आपापसांत थोडा मत्सरही केला. आपल्या लिखाणाची तपासणी दररोज शेजारी करणार आहेत, ही जाणीव लेखकाला फार सावध ठेवते.

जमिनीच्या खरेदी-विक्रीची कामे हॉक्सहेडचे वकील विल्यम हीलिस पाहत. १९०९ साली कॅसल फार्म घेताना जो परिचय वाढला, त्याचे पर्यवसान १५ ऑक्टोबर १९१३ रोजी विवाहात झाले, आणि ४७ व्या वर्षी बीट्रिक्स पॉटर मिसेस हीलिस होऊन कायमच्या सॉरीत राहू लागल्या. यानंतर पुस्तके विरळ झाली. दृष्टी मंदावली होती, आणि जी निघाली त्यांत जुनी धार क्वचितच दिसते. समीक्षक याला प्रतिभेचा ऱ्हास म्हणतात, आणि केवळ पुस्तकांचा हिशेब मांडला तर ते खोटे नाही. माझा आक्षेप एवढाच की हिशेब अपुरा आहे.

१९२३ साली त्यांनी ट्राउटबेक पार्क ही विस्तीर्ण डोंगरी शेतवाडी घेतली. तिच्यावर घरांची वसाहत होऊ घातली होती, मेंढ्यांना यकृतातील जंतांनी पोखरले होते. तेथे त्यांनी हर्डविक जातीच्या मेंढ्यांचा कळप नव्याने उभा केला. ही मेंढी जन्मतः काळी असते, वयाबरोबर करडी होते. लोकर राठ, बाजारात भाव कमी, पण बर्फातही तग धरण्याची ताकद विलक्षण. तिचा मोठा गुण वहिवाटीचा आहे. कुंपण नसलेल्या डोंगरावर प्रत्येक कळप आपल्या ठराविक पट्ट्यातच चरतो. कोकरू आईबरोबर चरता चरता ती हद्द शिकते आणि पुढे आपल्या कोकराला शिकवते. म्हणून शेतवाडी विकली गेली तरी कळप जमिनीबरोबरच राहतो, कारण एकदा कळप हलवला की पिढ्यान्‌पिढ्यांची ती शिकवण संपली. आपल्याकडे फलटण-बारामतीच्या बाजूचे धनगर पावसाळा सरल्यावर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात आणि शेतात कळप बसवून खत देतात. तेथे वाट हीच वहिवाट असते. हर्डविकची वहिवाट जागेची. दोन्हीकडे ज्ञान माणसापेक्षा कळपात अधिक मुरलेले असते, हे मात्र सारखे.

मिसेस हीलिस त्या ज्ञानाच्या विद्यार्थिनी झाल्या. टॉम स्टोरी या मेंढपाळाच्या साहाय्याने त्यांनी प्रदर्शनांत बक्षिसे मिळवली, स्वतः परीक्षक म्हणून काम केले, हर्डविकच्याच लोकरीचा जाड पोशाख वापरला. आणि १९४३ साली हर्डविक मेंढीपालकांच्या संघटनेने त्यांना भावी अध्यक्ष म्हणून निवडले, जो मान तोपर्यंत कोणत्याही स्त्रीला मिळाला नव्हता. विंडरमिअरवरून विमाने उडवण्याच्या बेताला त्यांनी १९१२ मध्येच जाहीर विरोध केला होता. १९२७ साली त्याच सरोवराचा काठ घरबांधणीपासून वाचवण्याच्या निधीसाठी त्यांनी पीटर सशाची ५० चित्रे स्वहस्ते काढून अमेरिकन वाचकांना विकली. १९३० मध्ये मंक कॉनिस्टन ही हजारो एकरांची जहागीर विकावयास निघाली, तेव्हा ती तुकड्यांनी फुटू नये म्हणून त्यांनी ती स्वतः घेतली, निम्मी नॅशनल ट्रस्टला मूळ किमतीत दिली, आणि ट्रस्टच्या वतीने तिचा कारभारही काही वर्षे पाहिला. कुळांची पत्रे, छपरांची डागडुजी, कुंपणाचे दगड, झाडांची मोजदाद या सगळ्यांत त्यांचा तोच डोळा दिसतो, ज्याने एकेकाळी भूछत्राच्या खालच्या घड्या मोजल्या होत्या. पैसा अर्थातच सशाचा, बदकीचा आणि मांजरांचा. त्या खोऱ्यांनी चित्रे दिली होती, आणि चित्रांनी ती खोरी विकत घेतली.

२२ डिसेंबर १९४३ रोजी त्या वारल्या. मृत्युपत्रान्वये ४,००० एकरांहून अधिक जमीन आणि डझनाहून अधिक शेतवाड्या पतीच्या हयातीनंतर नॅशनल ट्रस्टकडे गेल्या, आणि डोंगरी शेतवाड्यांवरचे कळप शुद्ध हर्डविक जातीचेच राहावेत अशी स्पष्ट अट त्यात घातलेली होती. जमीन राखा एवढे सांगून त्या थांबल्या नाहीत. त्या जमिनीवरचा व्यवसाय, म्हणजे खुणा, कळप, मेंढपाळ आणि कुळे, राहिला नाही तर डोंगर केवळ देखावा होईल हे त्यांना ठाऊक होते. १९५१ साली हा मुलूख राष्ट्रीय उद्यान झाला, तेव्हा त्यातला मोठा भाग अशा रीतीने आधीच सुरक्षित झालेला होता.

वाचकाला एक सूचना करून मी रजा घेतो. पॉटरबाईंचे वाचन बहुतेक घरांत ‘पीटर रॅबिट’पासून सुरू होते. ते पुस्तक निर्दोष आहे, पण त्यातील बाग कोणत्याही एका गावाची नाही. अनेक उन्हाळ्यांतल्या अनेक बागा मिसळून ती झाली, हे लेखिकेनेही म्हटले होते. ज्याला या ग्रंथाचा विषय हाताला लागावा असे वाटते, त्याने प्रथम ‘मिसेस टिगी-विंकल’ घ्यावे, मग ‘जेमायमा’, मग ‘सॅम्युअल व्हिस्कर्स’. चित्रे शब्दांच्या आधी पाहावीत, आणि प्रत्येक चित्रात प्राण्यावरून नजर काढून मागच्या भिंतीचे दगड कसे रचले आहेत, फाटकाला कडी कोणत्या बाजूस आहे, डोंगराचा कडा कोठे खचला आहे, हे निरखावे. मुलाला शेजारी बसवले तर उत्तम, कारण या गोष्टी त्याच्या ध्यानात मोठ्यांपेक्षा लवकर येतात.